गवत पेरावे लागते

सोलापूर जिल्ह्यातल्या काळ्या रानात हरळी ही शेतकऱ्याची जुनी वैरीण आहे. चैत्र-वैशाखात खोल नांगरट करायची, ढेकळे उन्हात तापू द्यायची, कुळवाच्या पाळ्या घालून वर आलेल्या काशा हाताने वेचायच्या आणि बांधावर ढीग करून जाळायच्या. एवढे करूनही एखादी पेरभर काशी मातीत राहिली, तर पहिल्या पावसानंतर ती फुटते आणि दसऱ्यापर्यंत आजूबाजूचे पीक दाबून टाकते. अशा मुलखात कुणी चांगल्या रानात मुद्दाम हरळी लावायला निघाला, तर घरातली वडीलधारी माणसे त्याला अडवतील. त्यांचे चुकते असेही म्हणता येणार नाही.

तरीही जगात हजारो शेतकरी हीच हरळी पीक म्हणून लावतात, तिला खत घालतात, पाणी देतात, कापून वाळवतात आणि गठ्ठे बांधून विकतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तिचे नाव बर्म्युडा गवत. वनस्पतिशास्त्रात ती सायनोडॉन डॅक्टिलॉन. गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा, पडीक रानातली हरळी आणि टेक्सासमधल्या गोठ्यात रचलेले हिरवट गठ्ठे, या सगळ्यांचे मूळ एकच. वैरणीचा विचार या गवतापासून सुरू करण्याचे कारण हे की एका जागी तण असलेले गवत दुसऱ्या जागी पीक कसे होते, हे त्यातून नेमके कळते. आणि सोलापूरच्या पशुपालकाला नेमके तेच कळून घेण्याची गरज आहे.

जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन या गावी १९३६ मध्ये ग्लेन बर्टन नावाचे तरुण संशोधक रुजू झाले. तिथल्या कापूस पिकवणाऱ्यांच्या लेखीही हरळी म्हणजे सर्वांत चिवट तण होते. कापसाच्या ओळींतून ती काढता काढता माणसे थकून जात. टिफ्टनजवळच्या एका कापसाच्या रानात सापडलेली जोमदार हरळी आणि दक्षिण आफ्रिकेतून आणलेले वाण यांचा बर्टन यांनी संकर केला. सुमारे पाच हजार रोपांतून निवडत निवडत शेवटी एक रोप उरले. १९४३ मध्ये ते ‘कोस्टल’ या नावाने शेतकऱ्यांच्या हाती आले. गावठी हरळीपेक्षा ते उंच वाढत होते, दुष्काळात तग धरत होते, आणि त्याला उगवणारे बी जवळपास येतच नव्हते. या शेवटच्या गुणामुळे कापूसवाल्यांची भीती कमी झाली, कारण हे गवत बियांवाटे शेजारच्या रानात जाणार नव्हते. ते लावायचे तर काशांचे तुकडेच पुरावे लागत. पुढे लाखो एकरांवर कोस्टल लागले. १९६७ मध्ये कोस्टक्रॉस-१, १९७८ मध्ये टिफ्टन ४४ आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टिफ्टन ८५ असे पुढचे वाण त्याच केंद्रातून निघाले.

बर्टन यांचे महाराष्ट्राशी नाते आहे आणि ते हरळीतून नव्हे, बाजरीतून आलेले आहे. टिफ्टनला त्यांनी बाजरीची ‘टिफ्ट २३ ए’ ही नर-वंध्य मादी वाणजात तयार केली होती. ती भारतात आली, लुधियानाला तिचा संकर झाला आणि १९६५ मध्ये ‘एचबी-१’ ही देशातली पहिली संकरित बाजरी प्रसारित झाली. महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनीही संकरित बाजरी पेरली, उत्पन्न वाढलेले पाहिले, आणि काही वर्षांतच गोसावी रोगाने कणसांच्या जागी पानांचे झुबके आलेलेही पाहिले. एकाच मादीवर उभे राहिलेले संकर मैलोन्‌मैल पसरले होते, त्यामुळे रोगाला कुठे अडायचे कारणच नव्हते. गवताच्या बाबतीत हा इतिहास विसरता कामा नये. बेण्याने लावलेले गवत म्हणजे एकाच रोपाच्या असंख्य प्रती असतात. सगळे रान एकाच वाणाने भरण्याआधी थांबून विचार करावा, तो यासाठी.

आता सोलापूर. जिल्ह्याचा पाऊस सरासरीने पाचशे ते सातशे मिलिमीटरच्या दरम्यान, पण सरासरीवर विसंबून इथे कुणी शेती करत नाही. मृगात दोन सरी येतात, मग जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरून येते आणि तसेच निघून जाते. खरा भरवशाचा पाऊस सप्टेंबरातला. म्हणूनच हा जिल्हा रब्बी ज्वारीचा झाला. कमी पावसात जमिनीत ओल कशी धरायची, याचा अभ्यास करण्यासाठी १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सुरू झाले आणि त्याचे काम आजही चालू आहे. मोहोळला निवडलेली मालदांडी एम ३५-१ ही ज्वारी १९३० च्या दशकातली. आजही तिची भाकरी आणि तिचा कडबा दोन्ही मागून घेतले जातात. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

इथल्या जनावरांची गाठ कित्येक पिढ्या याच कडब्याशी बांधलेली होती. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या भागांतली खिलार, तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस, धनगरांची दख्खनी मेंढरे, उस्मानाबादी शेळ्या, हे सगळे पशुधन कडबा आणि माळावरचे गवत यांवर उभे राहिले. सांगोल्याच्या रविवारच्या जनावरांच्या बाजारात किंवा कार्तिकीला वाखरीला भरणाऱ्या बाजारात खिलाराची जोडी पाहिली, की हे पशुधन किती निगुतीने जपले आहे ते कळते. पण उजनी धरणाचे पाणी आले, ऊस आला, डाळिंब आले, ज्वारीचे क्षेत्र घटले. कडबा कमी झाला आणि महागला. गायराने आकसली. उरलेल्या माळावर जनावरांची संख्या मात्र तेवढीच राहिली.

दुष्काळ पडला, की ही तूट उघडी पडते. २०१२-१३ आणि २०१८-१९ या दोन्ही दुष्काळांत सांगोला-मंगळवेढा परिसरात चारा छावण्या लागल्या. माणसांनी घरे सोडून जनावरांबरोबर छावणीत मुक्काम केला. तिथे दावणीत पडला तो मुख्यतः ऊस आणि उसाचे वाढे. पोट भरायला तो ठीक आहे, पण वाढ्यात ऑक्झॅलेटचे प्रमाण जास्त असते, ते शरीरातले कॅल्शियम बांधून ठेवते, आणि महिनोन्‌महिने तेच खाल्लेल्या दुभत्या जनावराची प्रकृती खालावते. धान्य दुष्काळात कुठूनही आणता येते. वैरण आणता येत नाही, कारण तिचे वजन कमी आणि आकारमान अवाढव्य. ट्रकभर कडब्याला भाड्याचा खर्चच इतका होतो की गरिबाने तो घेऊ नये. वैरण गावात तयार व्हावी लागते आणि चांगल्या वर्षात साठवावी लागते. म्हणजे प्रश्न शेवटी गवताच्या पिकाचा आहे.

‘पीक’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. ज्वारीसाठी रान तयार करणारा, बियाणे पारखणारा, पेरणीची ओल बोटांनी तपासणारा शेतकरी गवताकडे मात्र आपोआप येणारी वस्तू म्हणून पाहतो. बांधावर येईल ते कापायचे, माळावर उगवेल ते चारायचे. गवत लावायचे ठरलेच, तर पहिला प्रश्न विचारला जातो तो जातीचा: कोणती जात जास्त टनेज देते? हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न, ते कुठे लावायचे हा. आणि तिसरा, जो जवळपास कुणी विचारत नाही पण ज्यावर सगळे अवलंबून असते, तो हा की पहिले वर्षभर त्याची राखण कोण करणार.

जिल्ह्यात फिरले तर निदान चार प्रकारची जमीन भेटते. भीमा, सीना, माण, नीरा या नद्यांच्या आणि कालव्यांच्या काठची खोल काळी, पाण्याची. त्याच पट्ट्यात अतिपाण्याने चोपण झालेली, मीठ फुटलेली. कोरडवाहू काळी, जिथे शेतात ज्वारी आणि गवताला जागा फक्त बांधावर. आणि मुरमाड, बरड माळ, जिथे वीतभर मातीखाली खडक लागतो. या चारही ठिकाणी एकच गवत लावा, असे सांगणाऱ्याचा सल्ला घेऊ नये.

पाण्याच्या जमिनीचा निर्णय सोपा आहे. विहिरीचे किंवा कालव्याचे पाणी वर्षभर असेल आणि दुभती जनावरे दावणीला असतील, तर नेपियर-बाजरी संकरित गवताला तोड नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे यशवंत आणि जयवंत, धारवाडचे डीएचएन-६, कोइमतूरचे सीओ-४ आणि सीओ-५ हे वाण शेतकऱ्यांना आता नावाने ठाऊक आहेत. दोन डोळ्यांची कांडी सरीत लावायची, दोन-अडीच महिन्यांनी पहिली कापणी, पुढे दीड-दोन महिन्यांनी एकेक. यातही ऑक्झॅलेट असते, म्हणून सोबत लसूणघास किंवा दुसरी एखादी द्विदल वैरण द्यायची. पण नेपियर हे हिरवे कापून घालायचे गवत आहे. त्याचे जाड खोड वाळवून गंजी घालता येत नाही, आणि चरायला तर ते मुळीच सोडायचे नाही. पाणी तुटले, की ते सुकते. टँकरने पाणी घालून नेपियर जगवण्याचे हिशेब कुठेच जुळत नाहीत.

हरळीची जागा इथे कुठे? एक जागा निःसंशय आहे, ती चोपण जमिनीची. खारटपणा सोसणाऱ्या गवतांत हरळीचे नाव वरचे आहे. ज्या पट्ट्यात ऊसही उगवेनासा झाला, तिथे चर खणून पाण्याचा निचरा करायचा आणि मधल्या काळात हरळी लावून जमीन झाकायची, हे शहाणपणाचे आहे; पाणी साठून राहणारे कोपरे असतील तर तिथे पॅरा गवत. दुसरी जागा, शेतापासून वेगळ्या, बारमाही ओलाव्याच्या तुकड्यावरची चराईची. हरळीचे वाढीचे डोळे जमिनीलगत आणि जमिनीखाली असतात. शेळी-मेंढीने कितीही खालून कुरतडले, गुरांनी तुडवले, तरी ती पुन्हा फुटते. उभ्या वाढणाऱ्या गवतांना हे जमत नाही. सावलीत मात्र ती मरते, म्हणून फळबागेत चारा म्हणून तिचा विचार करू नये. नत्राला ती लगेच प्रतिसाद देते, आणि चार-पाच आठवड्यांनी कापली तर तिच्यातली प्रथिने कडब्याच्या दुपटीहून अधिक भरतात. जून झाली, बी धरले, की हा फायदा निघून जातो.

नको ती जागा कोणती, हेही तितकेच स्पष्ट. ज्वारी, तूर, हरभरा घेणाऱ्या काळ्या रानाच्या बांधावर हरळी मुद्दाम लावू नये. बी न धरणारा संकरित वाण असला, तरी काशा बांध ओलांडून आत येतातच आणि नांगराच्या फाळाबरोबर शेतभर पसरतात. आणखी एक सावधगिरी: शहरातल्या रोपवाटिकांत हिरवळीसाठी मिळणारी हरळी ही बुटकी, बारीक पानांची, अंगणात आणि मैदानावर लावायची निवड असते. ती दाट दिसते, पण तिच्यातून वैरण निघत नाही. वैरणीची हरळी उंच आणि लांब पेरांची हवी.

परदेशी संकराच्या ओढीबद्दल एक घटना सांगण्याजोगी आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात टेक्सासमधल्या एल्गिन गावाजवळ एका शेतकऱ्याने आपली १८ जनावरे टिफ्टन ८५ च्या कुरणात सोडली आणि त्यांतली १५ काही तासांत दगावली. गवतात सायनाइडचे विष तयार झाले होते. हा वाण जनुकीय बदलाचा असल्याची आवई उठली, ती खोटी ठरली. तो साध्या संकराचाच होता. टिफ्टन ८५ वर्षानुवर्षे हजारो शेतांत बिनधोक चारला गेला आहे, पण दुष्काळाच्या ताणानंतरचा कोवळा फुटवा घातक ठरू शकतो, हे त्या दिवशी दिसले. सोलापूरच्या गुराख्याला यात नवे काही नाही. कापलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत जनावर सोडायचे नसते, हे तो लहानपणीच शिकलेला असतो. नवे गवत आणले, तरी ही जुनी सावधगिरी त्याच्यासोबत आली पाहिजे.

जिल्ह्याचा मोठा भाग मात्र उरलेल्या दोन जमिनींचा आहे, कोरडवाहू बांध आणि माळ. इथले उत्तर बाहेरून आणायची गरज नाही. दबडघाव आणि शंकरनारायण यांच्या अभ्यासावर आधारलेले भारतातल्या गवताळ प्रदेशांचे वर्गीकरण १९७३ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने प्रसिद्ध केले. त्यात दख्खनचे पठार ज्या पट्ट्यात येते, त्याला दोन गवतांचीच नावे आहेत: सेहिमा आणि डायकँथियम. सेहिमा म्हणजे पवना, डायकँथियम म्हणजे मारवेल. या मातीने हजारो वर्षांत स्वतः निवडलेली ही गवते आहेत.

दोघांत मारवेल हे शेतकऱ्याच्या अधिक कामाचे. काळ्या मातीत ते रमते, बांधावर दाट ठोंब धरते, मुळांनी बांधाची माती धरून ठेवते, मऊ असते आणि जनावर ते आवडीने खाते. शेतात तणासारखे घुसत नाही. राहुरी विद्यापीठाने निवडलेला फुले मारवेल ०६-४० हा वाण कोरडवाहू बांधांसाठीच पुढे आला. दोन-तीन संरक्षित पाणी मिळाले, तर वर्षातून अनेक कापण्या होतात; नाही मिळाले तरी पावसाळ्यात एक-दोन होतातच आणि उन्हाळ्यात सुकलेला ठोंब मृगात पुन्हा हिरवा होतो. एकदा लावलेला बांध पुढे कैक वर्षे देत राहतो. मालदांडीच्या शेजारी उभे राहण्याचा मान द्यायचा, तर या गवताला द्यावा. आज हा मान त्याला मिळालेला नाही, याची खंत वाटते.

माळाची गोष्ट वेगळी. तिथे पवना, अंजन आणि स्टायलो यांचे मिश्रण हवे. अंजन कमी पावसात आणि हलक्या जमिनीत टिकते. स्टायलो हे शेंगवर्गातले. ते हवेतला नत्र जमिनीत आणते आणि गवताला नसलेली प्रथिने पुरवते. पण माळाची खरी अडचण बियाण्याची नाही, चराईची आहे. मोकाट चराई सुरू झाली, की सर्वांत रुचकर गवत सर्वांत आधी संपते. पवना आणि मारवेल जातात, त्यांच्या जागी कुसळी येते, कुसळीही ओरबाडली गेली की काड्यांसारखी निरुपयोगी गवते आणि शेवटी हंगामी तण. १९२० च्या दशकात विल्यम बर्न्स आणि त्यांचे सहकारी एल. बी. कुलकर्णी व एस. आर. गोडबोले यांनी पुण्याजवळच्या भांबुर्ड्याच्या माळावर गवतांचा अभ्यास केला. चराई थांबवली, की गवतांचा समाज कसा पालटतो, हे त्यांच्या नोंदींत शंभर वर्षांपूर्वी आलेले आहे.

त्याचा जिताजागता पुरावा सोलापूरपासून हाकेच्या अंतरावर आहे. नान्नजला अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात काही माळ कुंपण घालून राखले गेले, गवत परतले, आणि सत्तरच्या दशकात तिथे माळढोक दिसू लागल्याने पक्षीमित्रांचे लक्ष त्या जागेकडे वळले. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले. पुढे त्याचे क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरांवरून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरांपर्यंत कमी करण्यात आले, माळढोकही आज जवळजवळ दिसेनासा झाला. पण राखलेल्या तुकड्यांवर काळवीट आहेत, लांडगे आहेत, चंडोल आहेत आणि पावसाळ्यानंतर गुडघाभर गवत आहे. तिथे कुणी परदेशी वाण पेरला नाही. कुंपणाच्या आत-बाहेरचा फरक राखणीचा आहे. म्हणूनच जिथे मूळचे माळरान अजून शाबूत आहे, तिथे नांगर घालून हरळी किंवा दुसरे कोणतेही आयते गवत लावण्याला या लेखकाचा स्पष्ट विरोध आहे. मोडलेला माळ पेरावा. जिवंत माळ राखावा.

आता लावणीचे. गवत फसते ते बहुधा पहिल्या दीड महिन्यात, आणि त्याची कारणे ठरलेली असतात.

पहिले कारण बी. मारवेल, पवना, अंजन यांचे बी कुसाळ, हलके, वाऱ्यावर उडणारे असते. ज्वारीच्या सवयीने ते पाभरीने दोन-तीन बोटे खोल पेरले, की संपले. उगवणीचा कोंब वर येण्याइतकी ताकद त्यात नसते. ते मातीच्या वरच्या थरातच राहायला हवे, अर्ध्या ते एक सेंटिमीटरात. ओलसर माती, वाळू किंवा शेणकाला यांत मिसळून ओळीत टाकायचे आणि काट्याची फांदी हलकेच फिरवायची. दुसरी गोष्ट, ताजे बी उगवत नाही. काढणीनंतर काही महिने ते सुप्तावस्थेत असते, म्हणून गेल्या हंगामाचे बी यंदा वापरायचे. स्टायलोच्या बियांची साल कडक असते. गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून किंवा हलके घासून घेतल्याशिवाय निम्मे बी मातीत तसेच पडून राहते. हरळीचे बी तर इतके बारीक, की सोललेल्या बियांच्या एका किलोत चाळीस लाखांच्या आसपास दाणे भरतात.

सोलापूरच्या पावसात बियांपेक्षा ठोंब अधिक भरवशाचे. जूनच्या पहिल्या सरीने बी उगवते आणि जुलैच्या उघडिपीत कोंब करपतात, असे होत आले आहे. मुळ्यांसकट फोडलेला ठोंब ही उघडीप सोसतो. मारवेलचे ठोंब बांधावर दीड-दोन फुटांवर लावायचे, पाने निम्मी छाटून, म्हणजे पाणी उडून जात नाही. हरळी लावायची तर काशांचे दोन-तीन पेरांचे तुकडे उथळ सरीत टाकायचे, दोन पेरे मातीखाली आणि टोक मातीबाहेर, आणि पायाने घट्ट दाबायचे. माती आणि काशी यांच्यात पोकळी राहिली, की मूळ धरत नाही. उपटलेल्या काशा उन्हात तासभर पडल्या तरी निकामी होतात. ओल्या पोत्याखाली ठेवून त्याच दिवशी लावायच्या. गंमत अशी, की शत्रू म्हणून मारताना जी उन्हाची झळ शेतकरी वापरतो, तीच इथे टाळायची असते.

लावल्यावर पहिले सहा आठवडे खुरपणी. गवतातून गवत खुरपायचे, हे अनेकांना पटत नाही आणि मजुरीही निघत नाही असे वाटते. पण नव्या ठोंबाला सूर्यप्रकाश मिळाला नाही, तर पुढच्या वर्षांचे सगळे उत्पन्न बुडते. शेणखत लावणीआधी, आणि थोडा नत्र मूळ धरल्यावर. आधी दिला, तर तणच पोसते.

मग राखण. पहिल्या पावसाळ्यात त्या बांधावर किंवा माळावर एकही जनावर जाऊ द्यायचे नाही. ठोंब मूळ धरतो तेव्हा त्याची साठवण सगळी जमिनीखाली चाललेली असते. वरचा पाला खाल्ला गेला, की ती थांबते आणि उन्हाळ्यात ठोंब मरतो. एका कुटुंबाच्या बांधावर हे जमते. गायरानावर ते एकट्याला जमत नाही. तिथे ग्रामपंचायतीने, धनगरवाड्याने आणि शेळ्या पाळणाऱ्या भूमिहीनांनी एकत्र बसून ठरवावे लागते, कारण चराईबंदीचा पहिला फटका ज्यांना स्वतःचा बांधच नाही त्यांना बसतो. कुरणाचे दोन-तीन पट्टे पाडून एकेक पट्टा आळीपाळीने राखायचा, राखलेल्या पट्ट्यातले गवत कापून नेण्याचा पहिला हक्क याच लोकांना द्यायचा, असे केल्याशिवाय कुठलेही कुंपण वर्षभर उभे राहणार नाही. गवताच्या पुस्तकांत हा भाग बहुधा एका ओळीत उरकतात. तो एका ओळीचा विषय नाही.

कापणीची वेळ चुकणे हा आणखी एक मोठा तोटा. माळाचे गवत दिवाळीनंतर, पिवळे पडल्यावर कापायची रीत आहे. त्या वेळी पावसाची भीती नसते, मजूर मोकळे असतात, गंजी व्यवस्थित लागते. पण बी गळून गेलेले असते आणि काडीत उरलेली प्रथिने कडब्याएवढीसुद्धा नसतात. तेच गवत निम्म्या फुलोऱ्यात, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला कापले, तर ते खरे पौष्टिक वाळले गवत होते. कुसळीच्या बाबतीत तर उशीर करूच नये. तिची टोकदार कुसळे मेंढरांच्या लोकरीतून कातडीत घुसतात आणि तोंडात जखमा करतात. ऑक्टोबरच्या उन्हात पातळ पसरलेले गवत दोन-तीन दिवसांत वाळते. पीळ दिल्यावर काडी मोडते पण पाने हिरवट राहतात, इतपत वाळले की गंजी घालायची. ओले रचले, तर आतून तापते, बुरशी येते, आणि क्वचित पेटही घेते. परतीचा पाऊस आडवा येतो हे खरे. त्यासाठी सगळे एकदम न कापता पट्ट्यापट्ट्याने कापावे आणि एक ताडपत्री हाताशी ठेवावी.

पुढील पानांत एकेका गवताची लागवड, बियाणे आणि कापणी सविस्तर येईल. वाचकाने ती पाने उघडण्याआधी एक काम करावे. आपल्या रानात चालत जाऊन कुठे किती खोल माती आहे, कुठे मीठ फुटते, कुठल्या बांधावर आधीपासून मारवेल आहे, हे पाहून ठेवावे. मारवेलचा एखादा जुना ठोंब सापडला, तर तो या उन्हाळ्यात चरू न देता राखावा आणि शक्य झाल्यास आठवड्याला घागरभर पाणी द्यावे. मृगाच्या तोंडावर एका जोमदार ठोंबातून पंधरा-वीस फोडी सहज निघतात. विद्यापीठाकडून आणलेला सुधारित वाणही आधी अशाच एका गुंठ्यात वाढवावा, शेजारी गावचा मारवेल लावावा आणि पहिला उन्हाळा दोघांनी कसा काढला ते पाहून पुढच्या वर्षीच्या बांधांसाठी बेणे कोणाचे घ्यायचे ते ठरवावे.